जाड हातमोजे

स्वतःच्या बहिणीच्या छातीत हात घालू नये, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. आमच्या घरात दोन डॉक्टर आहेत, बाबा आणि मी, दोघंही फुप्फुसांचे सर्जन. तरीही आम्ही घातला. एकदा नव्हे, दोनदा.

दोष वाटायचाच झाला तर सुरुवात आत्यापासून करावी लागेल. ही बाबांची धाकटी बहीण सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवते. पोरं तिला पाठीमागे पाणबुडी म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. आवाज असा की पलीकडच्या टोकाला बुडी मारलेलं पोर घाबरून वर येतं. तिने लग्न केलं नाही, कधी कुणाचं ऐकलं नाही, आणि आजारपण आलं तेव्हा त्याच्याशीही भांडायलाच उभी राहिली. आधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. तो काढला, औषधं झाली, केस गेले, परत आले, आणि आधीपेक्षा कुरळे आले म्हणून बाईसाहेब खूशही झाल्या. मग एका तपासणीत दोन्ही फुप्फुसांत कण दिसले. आतड्यातला आजार रक्तातून जाऊन तिथे रुजला होता.

एका दुसऱ्या रुग्णालयात तिला सांगितलं की दोन्ही फुप्फुसांचे खालचे भाग कापून टाकावे लागतील.

"मग मी पोहायचं कसं?" तिने विचारलं.

"पोहण्याचं विसरा. एक जिना न थांबता चढलात तरी पुष्कळ झालं."

आत्या तिथून उठली ती तडक आमच्या दारात. चपला न काढताच तिने बाबांना फर्मावलं, "दादा, तू काढायचंस. तुझ्या त्या लेझरने. माझ्या फुप्फुसाला परका हात लागू द्यायची नाही मी."

लेझरचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फुप्फुस म्हणजे बहुतेक हवाच. त्यातला वाटाण्याएवढा कण नेहमीच्या पद्धतीने काढायचा तर भोवतालचा मूठभर निरोगी भागही त्याच्यासोबत जातो. कण बरेच असले तर सगळा खंडच कापून टाकतात. लेझरचा किरण मात्र कापता कापता जखम मिटवत जातो. रक्त जागीच गोठतं, हवाही फारशी गळत नाही. म्हणून कणाभोवती अगदी अरुंद कड धरून तेवढाच गोळा कोरून काढता येतो आणि उरलेलं फुप्फुस ज्याचं त्याच्याकडे राहतं. बाबा रुग्णांना सांगायचे, "धान्यात खडे निघाले म्हणून कुणी पोतं फेकून देतं का? बसून निवडायचे."

पण निवडायचे कसे? स्कॅनमध्ये सगळे कण दिसत नाहीत. अगदी बारीक असतात ते निसटतात, आणि उद्या मोठे होणारे तेच. त्यासाठी एकच साधन, सर्जनचं बोट. फुप्फुसातली हवा काढून ते मऊ पडलं की सर्जन ते हातात घेतो आणि चिमटीतून हळूहळू पुढे सरकवतो. निरोगी भाग ओल्या स्पंजासारखा लागतो, कण खड्यासारखा टोचतो. लेझर बिचारा आंधळा, बोट सांगेल तिथेच जाणार.

आणि बाबांची बोटं! बाहेरगावाहून सर्जन ती बघायला यायचे. स्कॅनमध्ये चार दिसले तर बाबा सात काढायचे आणि तपासणीत सातही खरे निघायचे. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला 'साहेबांचा हात' म्हणत. मला त्या शब्दांचा कंटाळा आला होता, खरं सांगते. घरी जेवायला बसलं तरी पाहुणे त्या हाताकडे बघत बसायचे, आणि त्या हाताला साधी वरची बरणी काढता येत नाही, हे फक्त मला माहीत होतं.

बाबांनीच फार पूर्वी एक नियम घातला होता, दोन हातांचा. सर्जनने चाचपून संपवलं की मदतनीस सर्जननेही तेच फुप्फुस पुन्हा एकदा चाचपायचं. नियम चांगला होता. पण साहेबांच्या नंतर कुणाला कधी काही सापडलंच नाही. उगाच भूल लांबते, म्हणून हळूहळू तो मोडत गेला. मोडला असं कुणी जाहीर केलं नाही. एके दिवशी बाबा म्हणाले, "चला, फुगवा आता," आणि आम्ही फुगवलं, इतकंच.

गेलं वर्षभर बाबांची हातमोज्यांवरून कटकट चालली होती. "हल्ली मोजे फार जाड यायला लागलेत. हाताला घोंगडं गुंडाळल्यासारखं वाटतं." आमच्या मोठ्या सिस्टर थिएटरच्या सर्वेसर्वा, त्यांना ही तक्रार स्वतःचा अपमानच वाटली. त्यांनी पुरवठादाराला फैलावर घेतलं. दुसऱ्या कंपनीचे मोजे आले. तेही जाड. मग तिसरे आले, इतके पातळ की घालतानाच फाटायचे. बाबांनी बोटं चोळून पाहिली, म्हणाले, "बरे आहेत. पण पूर्वीची बात नाही." आम्ही हसलो. म्हाताऱ्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट पूर्वी बरी होती असं वाटतंच. मला तर ती तक्रार ऐकली की डोक्यात तिडीक जायची. माझ्या हातात तेच मोजे होते आणि ते मुळीच जाड नव्हते. यातून काय निघतं, ते मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आत्याची उजवी बाजू झाली तेव्हा भूल देणारे डॉक्टर एकटेच विरोधात होते. ते बाबांच्या बरोबरीचे. थिएटरमध्ये सगळे त्यांना अंगाईवाले म्हणतात, कारण भूल देताना ते रुग्णाशी हळू आवाजात काहीबाही बोलत राहतात. "स्वतःच्या बहिणीला कुणी कापतं का रे? हात थरथरेल तुझा," ते म्हणाले. "माझा?" बाबा म्हणाले. विषय तिथेच संपला. हात थरथरला नाही. स्कॅनमध्ये जे होते ते सगळे निघाले. महिनाभरात आत्या तलावाच्या काठावर उभी राहून ओरडत होती आणि दुसऱ्या महिन्यात पाण्यात उतरली. त्या दिवशी तिने फोन करून मला फक्त श्वास ऐकवला. "ऐकलास? याला म्हणतात श्वास. जिना चढा म्हणे!"

मग डाव्या बाजूच्या आधीचं स्कॅन झालं. उजवीकडे, जिथून आम्ही नुकतेच बाहेर आलो होतो तिथे, नवे तीन ठिपके. नवे, असं एक्स-रेवाल्या डॉक्टरांनी म्हटलं आणि आम्हीही म्हटलं. मी हबकले. इतक्या लवकर? "आजार चिवट आहे," बाबा म्हणाले. "आधी डावीकडचं उरकू, मग पुन्हा उजवीकडे जाऊ." आत्याला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. आत्या गप्प झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

डाव्या बाजूच्या दिवशी सकाळी ती टेबलावर कुशीवर झोपली आणि अंगाईवाल्यांना म्हणाली, "गाणं म्हणू नका हो, तुम्ही बेसूर आहात." ते हसले आणि तिला झोपवलं. डावं फुप्फुस हळूहळू मिटलं. आता ती एकट्या उजव्या फुप्फुसावर श्वास घेत होती, म्हणजे बाबांनी राखलेल्या त्याच फुप्फुसावर.

लेझर सुरू व्हायच्या आधीचा आमचा सगळा विधी शांततेत होतो. दारावर लाल दिवा लागतो. खिडक्यांचे पडदे ओढले जातात. सगळे रंगीत चष्मे चढवतात, कारण तो किरण डोळ्याला दिसत नाही आणि डोळा जाळू शकतो. दिसतो तो फक्त नेम धरायचा तांबडा ठिपका. जखमेभोवती ओली फडकी पसरतात. माझ्या एका हातात धूर ओढायची नळी, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. थोडक्यात, माझे दोन्ही हात गुंतलेले.

बाबांनी फुप्फुस हातात घेतलं आणि चाचपायला सुरुवात केली.

"इथे एक." पायाखालचं बटण दाबलं गेलं, तांबडा ठिपका थरथरला, बारीक तडतड झाली, धूर निघाला. मी तो ओढून घेतला. पांढुरका गोळा बशीत पडला.

"इथे दुसरा." भिंतीवर स्कॅनचा पडदा होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. "आणि हा इथे."

स्कॅनमध्ये पाच होते. बाबांनी पाच काढले. पाचवा बशीत पडला तेव्हा मोठ्या सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "आज साहेब स्कॅनच्या शब्दाबाहेर नाहीत." त्यांनी गंमत केली होती. मीही मास्कआड हसले असेन.

"झालं," बाबा म्हणाले. "पाणी घाला."

छातीत कोमट पाणी ओतलं. अंगाईवाल्यांनी फुप्फुस हळूच फुगवलं. कुठे हवा गळत असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. एका जागी आले, अगदी बारीक.

"टाका घाल तिथे," बाबा मला म्हणाले, आणि ते मागे सरकले.

फुप्फुस पुन्हा मिटवलं. गळती कुठे आहे ते धरायला मी डाव्या हाताच्या दोन बोटांत ती कड पकडली. त्या ऑपरेशनमध्ये पहिल्यांदाच माझ्या हातात फुप्फुस आलं होतं. टाका घातला. गाठ मारताना बोट जरा खाली सरकलं.

खडा.

मी बोट उचललं, परत ठेवलं. खडा होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, टणक, जागचा न हलणारा. कुठलाही शिकाऊ डॉक्टर सांगेल इतका स्पष्ट.

"सर, इथे एक आहे."

"कुठे?"

"इथे. टाक्याच्या खाली."

बाबा पुढे आले. त्यांनी चिमटीत ती जागा धरली. "टाक्याची गाठ लागतेय तुला."

"गाठ नाही. गाठ वरच्या अंगाला आहे. हा खाली."

"शीर असेल."

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांचं बोट धरलं, थिएटरमध्ये सगळ्यांदेखत, आणि त्या खड्यावर नेऊन ठेवलं. माझं बोट त्यांच्या बोटाच्या बाजूला होतं. खडा दोघांच्या मध्ये होता. मला तो बोटाला खुपत होता.

"हा," मी म्हटलं.

बाबांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांना बोटाखाली काही लागत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखायचा प्रयत्न करत होते, तिथे काय आहे ते.

एका दमात सगळं डोक्यात आलं. मोजे जाड नव्हते. एकदाही जाड नव्हते. एक कंपनी, दुसरी कंपनी, तिसरी कंपनी, सिस्टरांचं ते भांडण, आमचं ते हसणं. आम्ही वर्षभर मोजे बदलत बसलो आणि त्या बोटांच्या भरवशावर आलेली माणसं एकेक करून इथून घरी गेली.

"सर," मी म्हटलं. "बाबा..."

थिएटरमध्ये मी त्यांना कधी बाबा म्हटलं नव्हतं. मोठ्या सिस्टरांनी मान वर केली. अंगाईवाले उभे राहिले. यंत्राची टुकटुक तेवढी चालू होती.

बाबांनी हात छातीपाशी दुमडले. आवाज अगदी साधा होता. "इकडे ये."

"काय?"

"माझ्या जागी ये. मी तुझ्या जागी येतो. धूर मी धरतो."

आम्ही टेबलाला वळसा घालून जागा बदलल्या. मी तो कण कोरून काढला. बशीत पडला तेव्हा त्याच्याकडे बघायची गरज नव्हती. तसाच पांढुरका, तसाच टणक.

"आता सगळं चाचप," बाबा म्हणाले. "वरपासून. घाई करू नकोस."

"किती वेळ लागेल?" अंगाईवाल्यांनी विचारलं. "एकट्या उजव्यावर चाललंय सगळं, लक्षात असू दे."

"लागेल तेवढा," बाबा म्हणाले. "उजवं टिकेल. उजव्यातलं मी फारसं घालवलेलं नाही."

ते वाक्य त्यांच्याच तोंडून निघालं आणि त्यांनाच ऐकू आलं. मी पाहिलं, नळी धरलेला हात जागच्या जागी थांबला. उजव्यातलं फारसं घालवलेलं नाही. निरोगी भाग राखला होता. आणि त्याच्याबरोबर आणखी काय राखलं होतं, ते आता आम्हा दोघांनाही कळत होतं.

ते तीन ठिपके नवे नव्हते.

मी चाचपत गेले. आणखी एक सापडला, मग वरच्या टोकाला एक, मग आतल्या अंगाला, हृदयाला टेकलेल्या भागात, एक अगदी बारीक. प्रत्येक वेळी मी "इथे" म्हणायची आणि बाबा नळी पुढे करायचे. त्यांचा धूर ओढायचा हात अचूक होता. डोळ्याने करायची कामं, पडद्यावर बघून कण हुडकणंसुद्धा, ते अजूनही आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली करत होते, म्हणूनच तर कुणाला पत्ता लागला नाही. मला रडू येत होतं आणि चष्म्यावर वाफ धरत होती. मोठ्या सिस्टरांनी काही न बोलता माझा चष्मा पुसून दिला. स्वतःचा पुसायचा मात्र त्या विसरल्या.

शेवटी हाताला फक्त स्पंज लागला. मी दुसऱ्यांदा फिरले. तरी स्पंजच. फुप्फुस फुगवलं, ते गुलाबी होऊन वर आलं, जवळजवळ सगळंच्या सगळं. एरवी हे पाहून बाबा म्हणायचे, "बघा, निवडलेलं धान्य." आज त्यांनी धुराची नळी नुसती खाली ठेवली.

कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांना गाठलं. ते सदऱ्याची बटणं लावत होते. मान खाली घालून, प्रत्येक बटणाकडे डोळे लावून, लहान मूल लावतं तशी. ही मान किती दिवसांपासून खाली होती कोण जाणे.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"मला वाटलं मोजेच आहेत गं."

"घरी मोजे असतात का? घरी बटणं लावताना?"

शेवटचं बटण लावून ते म्हणाले, "मान दुखते. चाळीस वर्षं वाकून काम केलंय, दुखणारच म्हटलं. हाताला मुंग्या यायच्या, झटकल्या की जायच्या. मग मुंग्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं."

मला ओरडायचं होतं. डॉक्टर ना तुम्ही? हेच एखाद्या रुग्णाने सांगितलं असतं तर मानेत नस दबलीय का ते तपासल्याशिवाय सोडलं असतं का त्याला? पण त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मी खुर्ची पुढे केली.

"बाकीच्या सगळ्यांना परत बोलवायचं," ते म्हणाले. "वर्षभरातल्या. प्रत्येकाला. मी स्वतः अधीक्षकांना सांगतो, आत्ता. पण बाकीच्यांच्या आधी तिला."

"तिला शुद्ध येऊ दे नीट. उद्या सांगू."

"उद्या सांगू. पण मी सांगणार. तू नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अतिदक्षता विभागात उशीला टेकून बसली होती. बरगड्यांतून निघालेली नळी खालच्या बाटलीत सोडली होती. तिला खोकायला सांगितलं होतं म्हणून ती रागारागाने खोकत होती आणि नर्सला दम देत होती. "शिकवणाऱ्याला शिकवतेस? श्वास कसा सोडायचा ते मी तुला सांगते." बाबा आत आले तशी म्हणाली, "ये. किती निघाले? पोहू शकेन ना?"

बाबा खुर्ची ओढून बसले. मी पायथ्याशी उभी राहिले. त्यांनी काही आडवळण घेतलं नाही. बोटांना कळत नाही हे सांगितलं. काल जवळजवळ निम्मे कण पोरीने शोधले हे सांगितलं. उजवीकडचे ते तीन नवीन नाहीत, मागच्या वेळी तिथेच होते, आपल्या हाताखालून निसटले, हेही सांगितलं. मी घाईघाईने पुस्ती जोडली की उजवं फुप्फुस जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे, म्हणून परत जाता येईल, तेव्हा खंड कापला असता तर परत जायला काही उरलंच नसतं. माझं बोलणं मलाच फोल वाटत होतं. खंड कापला असता तर ते तीनही त्याच्याबरोबर गेले असते, हे आत्यालाही कळण्यासारखं होतं. ती कुणी मूर्ख बाई नव्हती.

बाटलीतलं पाणी आत्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

"म्हणजे मी पाण्यात उतरले होते," ती म्हणाली, "तेव्हा ते आत होते."

"हो."

"मी हिला फोन करून श्वास ऐकवला तेव्हा?"

"होते."

"आणि तू मला म्हणालास, छोटे, सगळं साफ झालं."

"म्हणालो."

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ओरडेल, सगळा विभाग गोळा करेल. तिला तो हक्कच होता. "दुसरा कुणी असता ना दादा," ती दातओठ खात म्हणाली, "तर त्याला मी सोडला नसता. कोर्टात उभा केला असता. तुझं काय करू मी? परका हात नको म्हणून मीच हटून बसले होते. सांग ना, काय करू तुझं?"

"जे करायचं ते कर," बाबा म्हणाले. "मी नाही म्हणणार नाही."

"हात आण इकडे."

बाबांनी उजवा हात पुढे केला. तिने तर्जनी धरली आणि तिच्या टोकाला कचकचून चिमटा काढला. नळी लावलेल्या बाईत इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. तिचा सगळा राग त्या दोन बोटांत उतरला होता. नख आत रुतत गेलं. मी पुढे झाले, "आत्या, अगं," पण तिने ऐकलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही. ते शांतपणे, जरा संकोचून, तिच्याकडे बघत राहिले, शिक्षा कधी सुरू होते याची वाट बघत.

"लागतंय?" तिने विचारलं.

बाबांनी खाली, हाताकडे पाहिलं. मगच त्यांना कळलं की ती चिमटा काढते आहे.

आत्याने ते पाहिलं. तिची बोटं सैल पडली. बाबांच्या बोटावर नखाची लालभडक चंद्रकोर उमटली होती, आणि ती तिच्यावर घाईघाईने अंगठा फिरवू लागली, पुसून जाईल अशा आशेने.

"दादा रे," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदाच, नळीची पर्वा न करता, मोठ्याने रडली.